केस हँडओव्हर झाली, आता तुमचं काय? ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांसाठी

हे मी १०८ वर किंवा खाजगी ॲम्ब्युलन्सवर नवीन लागलेल्या डॉक्टर आणि पायलट (म्हणजे गाडीचे ड्रायव्हर) मंडळींसाठी लिहितोय, पण फायर ब्रिगेडवाले, हायवे पोलीस, अपघात झाला की सगळ्यात आधी धावत जाणारी हायवेकाठच्या गावातली पोरं, यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ट्रेनिंगमध्ये आपल्याला एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणं शिकवतात, सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं शिकवतात, स्ट्रेचर जिन्यावरून कसं उतरवायचं तेही शिकवतात. पण रात्री दोन वाजता एखादी वाईट केस सोडून बेसवर परत येताना डोक्यात जे चालू राहतं त्याचं काय करायचं हे सांगायला फारसं कोणी बसत नाही, ते ज्याचं त्याने शिकायचं, आणि शिकेपर्यंत बऱ्याच चांगल्या माणसांनी काम सोडलेलं असतं नाहीतर बाटली जवळ केलेली असते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वॉर्डमधल्या डॉक्टरला, सिस्टरला पेशंटचा शेवट कळतो, बरा होऊन घरी गेला की वारला हे समोर दिसतं. आपल्याला ते दिसत नाही. आपण चाळीस मिनिटं जीव तोडून श्वास देणारी अम्बू बॅग दाबतो, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत पेशंट सोडतो, फॉर्मवर सही घेतो आणि फोन वाजतो, पुढचा कॉल. मागची केस डोक्यात उघडीच राहते. अशा उघड्या केसेस साठत जातात आणि मी ज्यांना जवळून थकताना पाहिलंय ते बहुतेक एखाद्या मोठ्या अपघाताने थकले नव्हते, ह्या साठलेल्या केसेसनी थकले होते. म्हणून मुख्य काम हे, की प्रत्येक केस आपल्यापुरती बंद करायची सवय लावायची, आणि ती दोघांनी मिळून लावायची. आपल्याकडे १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त साधनं असलेल्या, आणि गाडीवर माणसं दोनच, एक डॉक्टर आणि एक पायलट. तिसरं कोणी नाही. तुमचं मन कसं आहे हे ओळखू शकणारा पहिला माणूस शेजारच्या सीटवरच बसलेला असतो.

स्पॉटवर जाताना आणि स्पॉटवर

कॉल आल्यापासून पोचेपर्यंत थोडा वेळ हातात असतो, तो नुसता टेन्शनमध्ये घालवू नका. काय केस आहे, किती जण आहेत, आधी कोण उतरणार, ऑक्सिजन कोण घेणार, गर्दी कोण बाजूला करणार हे मोठ्याने बोलून घ्या. बोलून ठेवलेलं असलं की समोर काहीही दिसलं तरी हात चालू राहतात. छाती धडधडत असेल तर नाकाने श्वास घ्या आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा, चार-पाच वेळा केलं तरी फरक पडतो, पायलटने हे गाडी चालवता चालवताही करता येतं.

आता एक सांगतो जे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे बघायची गरज नाही ते बघू नका. पेशंटची जखम, श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, हे बघायलाच लागतं, ते आपलं काम आहे. पण रस्त्यावर पडलेलं दप्तर, डब्यातली सांडलेली भाजी, तुटलेलं मंगळसूत्र, पाकिटातला फोटो, ह्याची कामाला गरज नसते आणि हेच पुढे महिनोन्‌महिने डोळ्यासमोर येतं. मेलेल्या माणसाच्या खिशातला फोन वाजत असेल तर स्क्रीनवर कोणाचं नाव आलंय ते वाचू नका, फोन पोलिसांच्या ताब्यात द्या, नातेवाईकांना कळवायचं काम त्यांचं आहे. ह्यात निर्दयपणा काही नाही. त्या माणसाच्या जागी आपला भाऊ किंवा आपली मुलगी दिसायला लागली की मार जास्त खोल बसतो. जिवंत असलेल्या पेशंटचं नाव मात्र जरूर विचारा आणि नावानेच हाक मारा, त्याला त्याची गरज असते.

जो वारलाय हे उघड आहे त्याच्यावर आधी चादर टाका. त्याची अब्रू राखली जाते, गर्दीचे मोबाईल खाली जातात आणि तुमच्या नजरेलाही सुटका मिळते. स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढू नका. रिपोर्टसाठी लागला तर ठरलेल्या पद्धतीने काढा, पाठवा आणि डिलीट करा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. पेशंटची प्रायव्हसी हा भाग आहेच, पण चार महिन्यांनी घरच्या लग्नाचे फोटो दाखवताना मध्येच तो फोटो समोर आला तर काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्याला विचारा.

हँडओव्हरनंतरची पंधरा-वीस मिनिटं

ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळं ठरतं.

पेशंट सोडला, सही घेतली, की लगेच फोन हातात घेऊन रील्स बघत बसू नका. आधी हात कोपरापर्यंत धुवा, तोंड धुवा, चूळ भरा, पाणी प्या. औषध प्यायलेला पेशंट असेल (मराठवाडा-विदर्भात हा कॉल नवीन नाही, कीटकनाशकाचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही) तर मास्क, ग्लोव्हज टाकून द्या, नाक आतून पाण्याने साफ करा, शर्ट बदलता येत असेल तर बदला. हे विष कातडीतून, कपड्यांतून अंगात जातं म्हणून हे करायचंच, पण दुसरं कारण असं की वास ही गोष्ट आठवणीला फार घट्ट चिकटते, पुढे शेतावर फवारणी चालू असली तरी तीच केस आठवते.

मग गाडी दोघांनी मिळून धुवा. हे ठासून सांगतोय, कारण डॉक्टर फॉर्म भरायला बसतो आणि मागचं रक्त पायलट एकटा पुसतो हे चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. पायलटने पूर्ण प्रवासभर मागे काय चाललंय ते फक्त ऐकलेलं असतं, आईचं रडणं, डॉक्टरचा आवाज, आणि वळून बघता येत नाही कारण समोर ट्रक आहे. आरशात जेवढं दिसलं तेवढं दिसलं. त्याच्या वाट्याला केस अर्धीच आलेली असते, उरलेली अर्धी तो मनाने भरतो आणि मनाने भरलेलं कधीकधी खऱ्यापेक्षा वाईट असतं. त्यामुळे डॉक्टरांनो, पायलटला सांगा काय झालं ते, साध्या शब्दात. "पल्स नव्हतीच रे आपण पोचलो तेव्हा, तू पाच मिनिटं लवकर आणली असतीस तरी फरक पडला नसता." एवढं एक वाक्य त्याची रात्रीची झोप वाचवू शकतं. पण खरं असेल तरच बोला, धीर द्यायला खोटं सांगितलेलं कळतं.

बोलायचं किती? थोडंच. काय होतं, आपण काय केलं, पुढच्या वेळेला काय हाताशी ठेवू (सक्शनची नळी, लहान मुलाचा मास्क, जास्तीचा टॉर्च, जे असेल ते). पाच मिनिटांत होतं. ज्याला मनातलं बोलायचंय तो बोलेल, ज्याला नाही बोलायचं त्याला खोदून विचारू नका. अमेरिकेत १९८० च्या दशकात जेफ्री मिचेल ह्यांनी, जे स्वतः आधी फायर फायटर-पॅरामेडिक होते, अशा प्रसंगानंतर सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायची पद्धत आणली आणि ती जगभर पसरली. नंतर तिच्यावरचे अभ्यास तपासले तेव्हा असं दिसलं की एकदाच बसवून जबरदस्तीने सगळं उकरून काढल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन साधं आहे, माणसाकडे नीट लक्ष द्या, त्याला बोलायचंय तेवढं ऐका, त्याला काय हवंय ते मिळेल असं बघा. चहा, बसायला जागा, घरी एक फोन, आणि शेजारी कोणीतरी. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल करून "आता आपल्या भावना सांगा" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणायला हरकत नाही.

आणि उघडी केस बंद कशी करायची? मला दोन रस्ते योग्य वाटतात आणि दोन्हीपैकी कोणता घ्यायचा ते दोघांनी आधी ठरवून ठेवायचं. एक, दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीच्या सिस्टरला किंवा ब्रदरला विचारायचं, कालचा अमुक पेशंट कसा आहे. बहुतेक जण सांगतात, आणि बरेचदा बातमी चांगली असते, आपल्याला वाटत असतं गेलाच असेल आणि तो वॉर्डात बसून नातेवाईकांवर चिडत असतो. दोन, विचारायचं नाही असं ठरवायचं, फॉर्मवर शेवटची वेळ लिहिली की मनात म्हणायचं माझं काम इथपर्यंत होतं ते झालं. दोन्ही चालतं. विचारू की नको, विचारू की नको, असं महिनाभर लटकत राहणं तेवढं चालत नाही.

सीपीआर देऊनही गेला तर

नवीन मुलामुलींना हे सगळ्यात जास्त लागतं, म्हणून आकडे सांगतो. हॉस्पिटलच्या बाहेर हृदय बंद पडलं तर अमेरिकेसारख्या देशातही, जिथे गाडी लवकर येते आणि लोकांना सीपीआर येतो, दहातला साधारण एकच जण बरा होऊन घरी जातो. सीपीआर आणि शॉक न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. आता हिशोब करा, वाडीवरून फोन यायला दहा मिनिटं, रस्ता सापडायला पंधरा, तोपर्यंत छातीवर कोणी हात ठेवलेला नाही. तुम्ही पोचलात तेव्हा निकाल जवळजवळ लागलेला होता. तुम्ही मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहिलात ना, मग तुमच्या बाजूने काही राहिलेलं नाही. आणि त्याच्या घरच्यांनी कोणीतरी शेवटपर्यंत झटताना पाहिलं, हे त्यांना आयुष्यभर आठवतं.

नातेवाईकांना सांगताना "सिरीयस आहे, सिरीयस आहे" करत वेळ काढायची आपल्याकडे सवय आहे. कधी गर्दीच्या भीतीने ते करावं लागतं हे मान्य, जमाव अंगावर येत असेल तर आधी गाडीत बसा, निघा, जीव आधी (आणि आपल्यावर हल्ला केल्यास २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तक्रार द्यायला कचरू नका). पण घरातली चार माणसं समोर असतील आणि सगळं शांत असेल तर डॉक्टरने बसून, घरातल्या मोठ्या माणसाकडे बघून सरळ सांगावं, "काका, आम्ही खूप प्रयत्न केले, पण ते आता राहिले नाहीत." मग गप्प बसायचं. त्यांच्या रडण्यावर लगेच काही बोलायची गरज नसते. खोटी आशा दाखवून पुढे तीस किलोमीटर आईचे प्रश्न ऐकत जाणं हे सांगणाऱ्यालाच जास्त जड जातं.

लहान मुलांच्या केसेस, आणि ओळखीच्या माणसाच्या केसेस, ह्या वेगळ्या. बेस लोकेशन स्वतःच्या तालुक्यात असेल तर कधी ना कधी आपला वर्गमित्र, आपल्या चुलत्याचा शेजारी स्ट्रेचरवर येणारच. अशा केसनंतर पुढच्या कॉलआधी अर्धा तास मागून घ्या, कंट्रोल रूमला सरळ सांगा गाडी क्लीनिंगला आहे आणि क्रूला वेळ हवाय. दरवेळी मिळेल असं नाही, पण मागितलंच नाही तर कधीच मिळणार नाही.

अजून एक प्रकार आहे ज्यात दुःखापेक्षा राग जास्त असतो. इथे बेड नाही तिकडे जा, तिथे व्हेंटिलेटर नाही पुढे जा, असं करत गरोदर बाई घेऊन तीन दारं फिरलो आणि चौथ्या दाराआधी उशीर झाला. हा राग बाहेर कोणावर काढता येत नाही म्हणून माणूस तो स्वतःवर काढतो, मी अजून भांडायला हवं होतं, मी आधीच तिकडे न्यायला हवं होतं. ह्यावर एकच गोष्ट उपयोगी पडते, वेळा लिहा. कॉल किती वाजता, पोचलो किती वाजता, कुठे काय उत्तर मिळालं, किती वाजता. कागदावर उतरलं की तुमच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं ते दिसतं, आणि उद्या चौकशी लागली तर तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

घरी गेल्यावर

मौतीला जाऊन आल्यावर आंघोळ करूनच घरात यायचं ही आपल्याकडची रीत आहे. ती वापरा. मन पटकन समजतं की बाहेरचं बाहेर राहिलं. युनिफॉर्म घरातल्या कपड्यांत टाकू नका, वेगळी बादली. घरच्यांना सगळं सांगायची गरज नाही पण काहीच न सांगणंही बरोबर नाही, कारण तुम्ही गप्प बसलात की बायकोला, नवऱ्याला किंवा आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. एक ठरलेलं वाक्य ठेवा, "आज केस वाईट होती, मला अर्धा तास दे, मग जेवू." घरच्यांनी तेवढ्यावर थांबावं, आणि अर्ध्या तासाने खरंच जेवायला बसावं.

झोपेबद्दल. चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतं, म्हणून सकाळी सातला ड्यूटी संपणार असेल तर पहाटे दोननंतर चहा बंद. तंबाखू, खर्रा, गुटखा हे "जागं राहायला" म्हणून सुरू होतं आणि मग सुटत नाही. दारूने झोप लागते पण रात्रीचा उत्तरार्ध मोडतो, स्वप्नं वाढतात, सकाळी माणूस जास्त थकलेला उठतो. मेडिकलमधून ओळखीवर अल्प्राझोलाम ही झोपेची-चिंतेची गोळी घेणं तर नकोच, तिची सवय लागते आणि अशा आठवणींचा त्रास तिने बरा होत नाही. पायलटसाठी तर झोप हा जिवाचा प्रश्न आहे, सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचा रिस्पॉन्स रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा होतो असं प्रयोगात दिसलंय, आणि आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यामुळे "मी करतो रे डबल ड्यूटी" म्हणणाऱ्या दोस्ताला अडवा.

कधी डॉक्टरकडे जायचं

वाईट केसनंतर काही दिवस ती डोळ्यासमोर येणं, दचकणं, भूक न लागणं, हे होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं. पण महिना उलटला तरी तसंच चाललंय, त्या फाट्यावरून जायचं टाळता, रिंगटोन वाजली की घाम फुटतो, घरात क्षुल्लक कारणावरून भांडणं होतात, किंवा उलट काहीच वाटेनासं झालंय आणि पेशंटवर खेकसायला लागलाय, तर थांबू नका. ही शेवटची खूण लोक ओळखतच नाहीत, "अनुभवी झालाय" म्हणतात. एकच मोठा अपघात बघावा लागतो असंही नाही, कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा असं बघायला लागणं हेही पीटीएसडीचं (भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं) कारण धरलं जातं, २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निकषांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे ओळखीचे लोक भेटतील ह्याची लाज वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, पण जा. ह्या त्रासावर चांगले उपचार आहेत, ठराविक पद्धतीचं समुपदेशन आहे, गरज पडली तर औषधं आहेत, आणि लोक बरे होऊन त्याच गाडीवर परत कामाला येतात. नोकरी जाईल ही भीती सगळ्यांना असते, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे. जीव नकोसा होतोय असे विचार येत असतील तर महिनाभर वगैरे थांबायचं नाही, त्याच रात्री १४४१६ लावा आणि सोबत कोणालातरी बसवा, एकटं राहू नका.

सुपरवायझर मंडळींसाठी थोडक्यात. माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडी (२०२३) सारखी घटना असेल तर एकच क्रू दिवसभर मृतदेहांजवळ ठेवू नका, आळीपाळीने बदला, लांब नेऊन जेवायला घाला. रोजच्या वाईट केसनंतर त्याच दिवशी एक फोन, आणि साधारण तीन आठवड्यांनी परत एक, कारण पहिल्या दिवशी सगळेच "ठीक आहे सर" म्हणतात. पायलटला वेगळा फोन करा, डॉक्टरकडून निरोप घेऊ नका.

आणि बेसवरच्या मित्राला विचारायचं असेल तर "कसा आहेस" विचारू नका, त्याला "मस्त" हेच उत्तर येतं. "परवाच्या त्या शाळेच्या रिक्षाच्या केसनंतर झोप लागतेय का तुला?" असं नाव घेऊन विचारा, दोघं गाडीत असताना विचारा, समोर बघत बोलणं सोपं जातं. तो बोलायला लागला तर सल्ला देऊ नका, तुमची त्याहून वाईट केसही सांगू नका. विचारा, "आज मी रिपोर्ट भरतो, तू झोपतोस का थोडा वेळ?"